लाल पट्टी काय सांगते? लाइट फास्टनेसच्या चाचणीत आर्द्रता कशी तपासायची

जुलै महिना होता. पडद्याचं सुती कापड, रिॲक्टिव्ह रंगातलं, गडद मरून शेड. आमच्या लॅबमध्ये त्याचा लाइट फास्टनेस, म्हणजे उजेडात रंग टिकण्याचं रेटिंग, ३-४ आला. पार्टीने त्याच ताग्यातला तुकडा दुसऱ्या लॅबला दिला, तर तिथून ४-५ आला. आता एका ग्रेडचा फरक म्हणजे माल पास की नापास, इतका मोठा प्रश्न. आम्ही सगळं पुन्हा तपासलं. उन्हासारखा उजेड देणारा झेनॉनचा दिवा तासांच्या हिशेबात होता, प्रकाशाची तीव्रता ठरलेली होती, ब्लू वूल (सँपलशेजारी तुलनेसाठी लावायची निळी लोकरी कापडं, १ सर्वांत कच्चं ते ८ सर्वांत पक्कं) नव्या पाकिटातली होती आणि यंत्राच्या पडद्यावर आर्द्रता ४० टक्के दिसत होती. वरिष्ठांनी लॉगबुक चाळलं आणि एवढंच विचारलं, "लाल पट्टी शेवटची कधी लावली होतीस?"

फेब्रुवारीत लावली होती. त्यानंतर उन्हाळा येऊन गेला होता आणि बाहेर पाऊस कोसळत होता.

त्याच संध्याकाळी लाल पट्टी लावली. ती ब्लू वूल ५ च्या बरोबरीने फिकी पडायला हवी होती, पडली ४ च्या बरोबरीने. म्हणजे पडद्यावर ४० दिसत असले, तरी आत कापडाला प्रत्यक्षात जास्त दमट हवा मिळत होती. हा लेख त्या लाल पट्टीबद्दल आहे. टेक्स्टाइल लॅबमध्ये नुकतेच रुजू झालेले, डिप्लोमाचं प्रशिक्षण घेणारे आणि प्रोसेस हाउसमध्ये चाचणीचं काम अंगावर आलेले, अशा सगळ्यांसाठी.

उजेडाच्या चाचणीत पाण्याचं काय काम?

रंग उन्हाने उडतो हे घरातल्या कुणालाही माहीत असतं. पण रंग उडवणारं ऊन एकटं नसतं. उजेडाने रंगाचा रेणू उत्तेजित होतो आणि पुढची मोडतोड हवेतला ऑक्सिजन, धाग्यातलं पाणी आणि खुद्द धागा मिळून करतात. धाग्यात ओलावा असला की तो थोडा फुगतो, ऑक्सिजनला आत शिरायला वाट मिळते आणि सुती कापडावरचे बरेच रंग जास्त वेगाने फिके पडतात.

आता इथे नव्या माणसाच्या मनात हमखास एक शंका येते. सँपलशेजारी ब्लू वूल लावलेलीच असतात. दमट हवेचा परिणाम सँपलवर झाला, तर तो ब्लू वूलवरही होईलच ना? मग फरक आपोआप वजा होणार नाही का?

नाही होत. ब्लू वूल ही लोकर आहे आणि तुमचं सँपल बहुतेक वेळा सूत, व्हिस्कोज किंवा पॉलिएस्टर असतं. प्रमाणित हवेत सूत स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के पाणी धरून ठेवतं, लोकर १६ च्या आसपास, व्हिस्कोज १३ च्या आसपास, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. ओलावा बदलला की प्रत्येकाचं वागणं वेगळं बदलतं, शिवाय प्रत्येक रंगाची ओलाव्याबद्दलची संवेदनाही वेगळी. उजेड किती पडला याचा हिशेब ब्लू वूल चोख ठेवतं. हवा किती दमट होती, हे मात्र ते सांगू शकत नाही. त्यासाठी वेगळा साक्षीदार लागतो आणि तो म्हणजे लाल पट्टी: लाल ॲझोइक रंगाने, म्हणजे आपण ज्याला नॅफ्थॉल म्हणतो त्या वर्गातल्या रंगाने, रंगवलेलं एक ठरावीक सुती कापड. त्याचा लाइट फास्टनेस आर्द्रतेनुसार मोठ्या प्रमाणात बदलतो. एरवी हा रंगाचा दोष ठरला असता, इथे तोच उपयोगी पडतो.

पडद्यावरचा आकडा आणि कापडाला जाणवणारी हवा

हा भाग नीट समजला, तर पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. म्हणून इथे थोडं थांबू.

यंत्राचा सेन्सर चेंबरमधल्या हवेची सापेक्ष आर्द्रता मोजतो. पण सँपल त्या हवेच्या तापमानाला नसतं. त्याच्यावर दिव्याचा मारा चालू असतो, त्यामुळे ते हवेपेक्षा गरम असतं आणि शेड जितकी गडद तितकं जास्त गरम. गरम पृष्ठभागाला लागून असलेली हवा तेवढंच पाणी बाळगूनही जास्त कोरडी ठरते, कारण तापमान वाढलं की हवेची बाष्प सामावून घेण्याची क्षमता झपाट्याने वाढते.

आकडे घालून बघा. चेंबरची हवा ३५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ४० टक्के धरू. ३५ अंशांना संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवेत मावेल तेवढं बाष्प भरल्यावरचा त्याचा दाब, सुमारे ५.६२ किलोपास्कल असतो. त्याचे ४० टक्के म्हणजे २.२५. आता काळ्या पृष्ठभागाचं तापमान ४७ अंश असेल, तर त्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब सुमारे १०.६ आहे. २.२५ भागिले १०.६, म्हणजे साधारण २१ टक्के. पडदा ४० म्हणतो आणि काळं कापड २१ टक्क्यांच्या हवेत असतं. त्याच रॅकवर शेजारी पांढरं कापड असेल, तर ते कमी तापतं, म्हणून त्याला तिसराच आकडा लागू होतो.

म्हणूनच प्रमाण पद्धतीत 'प्रभावी आर्द्रता' ही कल्पना आहे. हवेचं तापमान, पृष्ठभागाचं तापमान आणि हवेची सापेक्ष आर्द्रता, या तिन्हींच्या मेळातून कापडाच्या पृष्ठभागावर किती ओलावा राहतो, ते म्हणजे प्रभावी आर्द्रता. ती कुठल्याही सेन्सरवर थेट वाचता येत नाही. लाल पट्टीवर वाचता येते.

लक्ष्य काय असतं?

झेनॉन दिव्याच्या चाचणीसाठी जगभर आयएसओ १०५-बी०२ ही पद्धत वापरतात. आपल्याकडे भारतीय मानक आयएस २४५४ आहे. पार्टीने कोणतं मागितलंय ते आधी वाचा, कारण अमेरिकी ग्राहक एएटीसीसी या तिकडच्या संस्थेची पद्धत मागतात आणि तिथे ब्लू वूलचा संचही वेगळा असतो, एल२ ते एल९. तो १ ते ८ च्या संचात मिसळायचा नाही आणि एका संचाचं रेटिंग दुसऱ्यात बदलून लिहायचंही नाही.

आयएसओच्या पद्धतीत आपण रोज वापरतो ती 'सामान्य' स्थिती. तिच्यात प्रभावी आर्द्रता मध्यम हवी, म्हणजे लाल पट्टीचं रेटिंग ५ यायला हवं. काळ्या प्रमाण तापमापकाचं, म्हणजे दिव्याच्या उजेडात ठेवलेल्या काळ्या पाटीचं, तापमान ४७ अंश, तीन अंश इकडेतिकडे. चेंबरच्या हवेची आर्द्रता साधारण ४० टक्क्यांवर ठेवून सुरुवात करतात. याशिवाय दोन टोकाच्या स्थिती आहेत. कोरड्या स्थितीत लाल पट्टी ६-७ आणि काळं तापमान ६२ अंश. दमट स्थितीत लाल पट्टी ३ आणि काळं तापमान ४२ अंश. नव्या माणसाने आधी सामान्य स्थिती हातात बसवावी. टोकाच्या स्थिती पार्टीने मागितल्याशिवाय लावायच्या नाहीत.

दिशा मात्र आत्ताच डोक्यात पक्की करा. दमट हवेत लाल पट्टी लवकर फिकी पडते, म्हणून तिचं रेटिंग घसरतं. कोरड्या हवेत ती टिकून राहते, म्हणून रेटिंग चढतं. रेटिंग ४ आलं तर हवा हवी त्यापेक्षा दमट, ६ आलं तर कोरडी.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवून टाकू, कारण पहिल्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक जण त्यात अडकतो. आपल्याकडे दोन मोजपट्ट्या आहेत. ग्रे स्केल ५ पासून १ पर्यंत उतरते. ५ म्हणजे काहीच फरक नाही आणि १ म्हणजे रंग पार बदलला. ब्लू वूल १ ते ८ असतात. १ सर्वांत कच्चं, ८ सर्वांत पक्कं आणि प्रत्येक पुढच्या क्रमांकाला आधीच्यापेक्षा साधारण दुप्पट उजेड लागतो. लाल पट्टी 'ग्रे स्केल ४' इतकी फिकी होईपर्यंत थांबायचं असतं, आणि मग ती 'ब्लू वूल ५' शी जुळते का ते बघायचं असतं. पहिला आकडा थांबायचं कधी ते सांगतो, दुसरा निकाल सांगतो. वहीत नुसतं "४" किंवा "५" लिहू नका. कोणत्या मोजपट्टीवरचा आकडा आहे, तेही शेजारी लिहा.

सुरुवातीआधी हाताशी काय हवं

लाल पट्टीचं अधिकृत कापड, बॅच क्रमांकासह. ब्लू वूल १ ते ८. रंगबदलाची ग्रे स्केल. जाड पांढरं कार्ड आणि उजेड आरपार न जाऊ देणारं झाकण. काळा प्रमाण तापमापक. डी६५ प्रकाशाची, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या प्रमाणित प्रकाशाची पेटी. आणि लॉगबुक.

लाल कापडाबद्दल कळकळीने सांगतो. इचलकरंजीत काय किंवा सोलापुरात काय, नॅफ्थॉल लाल रंगाचं सुती कापड हवं तेवढं मिळेल आणि दिसायला ते अगदी तसंच असेल. ते वापरू नका. पट्टीची किंमत तिच्या रंगात नाही. कोणत्या आर्द्रतेला ती किती फिकी पडते हे आधी तपासून ठरवलेलं असतं, त्यात आहे. आणलेलं कापड काळ्या पाकिटात, कोरड्या आणि थंड कपाटात ठेवा. कात्रीने कापताना उरलेला तुकडा टेबलावर खिडकीजवळ तासभर पडला, तर तो पुन्हा पाकिटात टाकायचा नाही.

काळे तापमापक दोन प्रकारचे असतात. एकात काळी पाटी मागून उघडी असते, दुसऱ्यात ती उष्णतारोधक तळावर बसवलेली असते. दुसऱ्याला आपण काळा प्रमाण तापमापक म्हणतो. त्याच स्थितीत तो पहिल्यापेक्षा काही अंश जास्त दाखवतो. वर दिलेले ४७, ६२ आणि ४२ हे आकडे या दुसऱ्या प्रकाराचे आहेत. तुमच्या यंत्रात कोणता आहे हे पुस्तिकेत बघून घ्या. नाहीतर तापमान बरोबर लावूनही चूकच लागेल.

पहिली पायरी: खोली

सुरुवात यंत्रापासून करू नका, खोलीपासून करा. आमची चूक इथेच होती.

हवेने थंड होणारी बरीच यंत्रं खोलीतलीच हवा आत ओढतात. त्यांच्यात हवा ओलसर करायला ह्युमिडिफायर असतो, पण हवेतलं पाणी काढून टाकायची सोय बऱ्याच यंत्रांत नसते. आता मुंबईचा जुलै घ्या. खोली ३० अंश आणि ८५ टक्के. त्या हवेत ३.६ किलोपास्कल इतका बाष्पदाब आहे. ती चेंबरमध्ये ३५ अंशांपर्यंत तापवली, तरी आर्द्रता ६४ टक्के उरते. ह्युमिडिफायर बंद करून बसलात तरी ४० होणार नाही.

हीच खोली एसीने २४ अंश आणि ५५ टक्क्यांवर ठेवली, तर बाष्पदाब १.६४ होतो. ३५ अंशांना तीच हवा २९ टक्के होते आणि २९ वरून ४० पर्यंत नेण्याचं काम ह्युमिडिफायर आरामात करतो. म्हणून लॅबमधला एसी माणसांच्या सोयीसाठी आहे असं समजून रात्री बंद करायचा नाही. यंत्र रात्रभर चालू असतं.

आमच्याकडे नेमकं हेच होत होतं. संध्याकाळी सहा वाजता एसी बंद, सकाळी नऊ वाजता चालू. दिवसा आम्ही पडद्यावर ४० बघायचो आणि निर्धास्त असायचो. पंधरा तास कुणी बघतच नव्हतं. त्यात भर म्हणजे सेन्सरही सरकलेला होता, त्याबद्दल पुढे येतंच.

सोलापूरच्या मे महिन्यात गोष्ट उलटी. ४१ अंश आणि १५ टक्क्यांची हवा ३५ अंशांवर आली तर २१ टक्के ठरते. तिथे ह्युमिडिफायरवर सगळा भार येतो. टाकीतलं पाणी संपलं किंवा नोझलमध्ये क्षार बसले की चेंबर गुपचूप कोरडा होतो. टाकीत डिमिनरलाइज्ड पाणीच घाला. बोअरच्या पाण्याने नोझल तर चोंदतेच, शिवाय सँपलवर पांढरी पूड बसते आणि रंग फिका दिसायला लागतो.

दुसरी पायरी: सेन्सर

लाल पट्टी शेवटचा निकाल देते, पण ती लावायला काही दिवस जातात. त्याआधी सेन्सर ठीक आहे का ते काही तासांत बघता येतं. त्यासाठी मिठाची पद्धत वापरा. ती जुनी आहे, स्वस्त आहे आणि भरवशाची आहे.

झाकणाच्या काचेच्या बरणीत लॅब ग्रेडचं सोडियम क्लोराइड घ्या. स्वयंपाकघरातलं मीठ नको, त्यात ते मोकळं राहावं म्हणून इतर गोष्टी घातलेल्या असतात. त्यावर डिस्टिल्ड पाणी थोडं थोडं घालून ओल्या वाळूसारखा लगदा करा. न विरघळलेलं मीठ डोळ्यांना दिसलंच पाहिजे. सगळं विरघळलं तर पाणी जास्त झालं. आता सेन्सर काढता येत असेल तर तो बरणीच्या वरच्या भागात, मिठाला न टेकता सोडा. तोंड नीट बंद करा आणि २५ अंशांच्या आसपासच्या खोलीत चार-सहा तास ठेवा. रीडिंग सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावायला हवं. दुसऱ्या बरणीत मॅग्नेशियम क्लोराइडचा असाच लगदा केला, तर सुमारे ३३ टक्के मिळतात. आपलं काम ४० च्या जवळ असल्याने ३३ चा बिंदू जास्त महत्त्वाचा.

आमचा सेन्सर ३३ च्या बरणीत २७ दाखवत होता. म्हणजे पडद्यावरचे ४० हे खरे ४६ च्या घरातले होते.

सेन्सर निघत नसेल, तर तपासलेला हातातला आर्द्रतामापक किंवा ओल्या-कोरड्या गोळ्याचा तापमापक घेऊन ताडून बघा. ओल्या गोळ्याची वात स्वच्छ हवी. पिवळट, कडक झालेली वात चुकीचं सांगते.

तिसरी पायरी: पट्टी लावणं

लाल कापडाचा तुकडा किमान ४५ बाय १० मिलिमीटरचा कापा. त्याच मापाचे ब्लू वूलचे तुकडे कापा. सामान्य स्थितीसाठी ४, ५ आणि ६ पुरेसे असतात, पण पहिल्यांदा करताना ३ आणि ७ सुद्धा लावा, म्हणजे पट्टी कुठे भरकटली तर तेही दिसेल. सगळे तुकडे एकाच जाड पांढऱ्या कार्डावर शेजारी शेजारी, ताणून आणि सुरकुती न ठेवता लावा. मागे कार्ड आहे की पोकळी, यावरही तापमान बदलतं, म्हणून सगळ्यांच्या मागे तेच कार्ड हवं.

कार्डाचा एक भाग झाका. झाकण घट्ट बसायला हवं, नाहीतर कडेने उजेड शिरतो आणि झाकलेल्या-उघड्याची रेघ अस्पष्ट होते. नंतर रेटिंग देताना हीच रेघ आपला आधार असते.

कार्ड होल्डरच्या शक्य तितकं मध्यभागी बसवा. वर आणि खाली हवा आणि उजेड दोन्ही थोडे वेगळे असतात. आणि रॅक रिकामा ठेवून चाचणी करू नका. उरलेल्या होल्डरांत पांढरी कार्डं लावा. रोजच्या कामात रॅक भरलेला असतो, मग तपासणीतही हवा तशीच वाहायला हवी.

दिव्याची तीव्रता रोजच्या चाचणीला असते तीच ठेवा. ३०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ४२ वॅट प्रति चौरस मीटर, किंवा ४२० नॅनोमीटरला १.१, जे तुमचं यंत्र मोजतं ते. फिल्टर खिडकीच्या काचेमागच्या उन्हाची नक्कल करणारेच हवेत.

मग यंत्र सुरू करा आणि सलग चालू द्या.

चौथी पायरी: बघणं

इथे घाई करणारा माणूस चुकतो. पहिल्या दिवशी झाकण उचललं तर रेघ आहे की नाही याचीच शंका येईल. लाल रंग फिका पडताना एकदम पांढरट होत नाही. आधी त्याचा ताजेपणा जातो, मग उघडा भाग किंचित मळकट, किंचित उतरलेला वाटतो. कार्ड डोळ्यांसमोर थोडं तिरकं फिरवलं की रेघ दिसते, सरळ धरलं की हरवते. इतपत झालं की समजा, ग्रे स्केल ४-५ च्या आसपास आहात. तिथे थांबायचं नाही. झाकण पुन्हा अगदी त्याच जागी बसवा आणि चालू द्या.

रेघ सरळ धरूनही शंका न येता दिसायला लागली, की ग्रे स्केल घ्या. कार्ड बाहेर काढल्यावर लगेच रेटिंग देऊ नका. ते काळोखात, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग डी६५ च्या पेटीत, करड्या पार्श्वभूमीवर, करड्या कागदाच्या खिडकीतून फक्त लाल पट्टीची रेघ आणि ग्रे स्केलची जोडी दिसेल असं धरा. आजूबाजूचं निळं दिसत राहिलं, तर डोळ्यांना लाल जास्त भडक वाटतं. लाल पट्टीवरचा फरक ग्रे स्केल ४ इतका झाला, की वेळ झाली.

आता लाल बाजूला ठेवा आणि प्रत्येक ब्लू वूलवरचा फरक ग्रे स्केलवर बघा. जे ब्लू वूल लाल पट्टीइतकंच, म्हणजे ग्रे स्केल ४ इतकं बदललं असेल, त्याचा क्रमांक हे लाल पट्टीचं रेटिंग.

समजा ब्लू वूल ४ वर ग्रे स्केल ३-४, ब्लू वूल ५ वर ४ आणि ब्लू वूल ६ वर ४-५ दिसलं. रेटिंग ५, यंत्र ठीक. समजा ब्लू वूल ४ वरच ४ दिसलं आणि ५ वर जेमतेम ४-५. रेटिंग ४, हवा दमट. ब्लू वूल ५ वर ३-४ आणि ६ वर ४ दिसलं, तर रेटिंग ६, हवा कोरडी. दोघांच्या मध्ये पडलं तर ४-५ किंवा ५-६ असं लिहा. मनाने ५ कडे ओढू नका.

शक्य असेल तर दुसऱ्या माणसाकडून, तुमचा आकडा न सांगता, पुन्हा बघून घ्या. लाल आणि निळ्याची तुलना डोळ्यांना अवघड जाते आणि "५ यायला हवं" हे माहीत असलेला डोळा ५ शोधत बसतो.

पाचवी पायरी: दुरुस्ती

रेटिंग ५ आलं नाही, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. सेटिंग, एसी आणि पंखा तिन्ही एकदम हलवले, तर पट्टी ५ वर आली तरी कशाने आली ते कळणार नाही.

हवा दमट निघाली, तर आधी खोली बघा, मग सेन्सर, मग चेंबरच्या आर्द्रतेचं सेटिंग खाली आणा. काळं तापमान वाढवून हवा कोरडी करायचा मोह होतो, कारण ते बटण हाताशी असतं आणि परिणाम लगेच दिसतो. पण ४७ च्या वर तीन अंशांची मर्यादा ओलांडली, की ती सामान्य स्थिती उरतच नाही. हवा कोरडी निघाली, तर पाण्याची टाकी, नोझल आणि पंपापासून सुरुवात करा.

एक कारण पटकन लक्षात येत नाही. दिवा जुना झाला की ठरलेली तीव्रता राखण्यासाठी यंत्र त्याला जास्त वीज देतं. उजेड तेवढाच राहतो, उष्णता मात्र वाढते. सँपलचा पृष्ठभाग तापतो आणि प्रभावी आर्द्रता घसरते. फिल्टर मळले तरी हेच. हवेच्या वाटेवरची जाळी धुळीने भरली की वारा मंदावतो, आणि परिणाम पुन्हा तोच. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी जाळी आणि फिल्टर साफ करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

दुरुस्ती झाली की नवी लाल पट्टी लावून पहिल्यापासून तपासा. एकदा वापरलेली पट्टी पुन्हा चालत नाही.

केव्हा केव्हा तपासायचं

दिवा बदलला, फिल्टर बदलला, सेन्सर किंवा पंखा दुरुस्त केला, यंत्राची जागा हलवली, की दर वेळी. त्याखेरीज तुमच्या लॅबच्या वेळापत्रकात ठरलेल्या अंतराने. आणि त्यात मी माझ्याकडून ऋतू घालतो. मृग लागला की एकदा, पावसाळा ओसरून ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली की एकदा, आणि मार्चच्या अखेरीस एकदा. यंत्र परदेशातून आलेलं असतं, खोली मात्र आपल्या हवेतली असते.

उन्हातली चाचणी, म्हणजे आयएस ६८६ ची दिवसाच्या प्रकाशातली पद्धत, अजूनही काही ठिकाणी करतात. तिथे काचेखाली, दक्षिणेकडे तोंड करून, त्या ठिकाणच्या अक्षांशाइतक्या उतारावर सँपल ठेवतात. मुंबईत हा कोन १९ अंशांच्या आसपास येतो. तिथे आर्द्रता आपल्या हातात नसते. म्हणून महिना, ठिकाण आणि त्या दिवसांतली आर्द्रता लिहून ठेवा. भर पावसातलं मुंबईतलं सँपल आणि एप्रिलमधलं नागपूरचं सँपल शेजारी ठेवून तुलना करू नका.

रिपोर्टमध्ये आणि वहीत

रिपोर्टमध्ये सँपलच्या रेटिंगसोबत पद्धतीचा क्रमांक, कोणती स्थिती लावली, कोणता ब्लू वूल संच आणि काळं तापमान एवढं तरी हवंच. लॉगबुकात तारीख, लाल कापडाचा बॅच क्रमांक, दिव्याचे तास, खोलीचं तापमान आणि आर्द्रता, चेंबरचं सेटिंग, लाल पट्टीचं रेटिंग आणि बघणाऱ्या दोघांची नावं. खोलीची रीडिंग दिवसाची एक आणि रात्रीची एक घ्या. रात्री कुणी नसेल, तर नोंद ठेवणारा छोटा डेटालॉगर यंत्राशेजारी ठेवा.

दोन लॅबचे निकाल जुळले नाहीत, तर वाद घालण्याआधी समोरच्यांना दोनच गोष्टी विचारा: तुमचं काळं तापमान किती होतं आणि तुमची लाल पट्टी शेवटची केव्हा लागली, तिचं रेटिंग काय आलं? आम्हीही शेवटी तेच विचारलं. त्यांची पट्टी तीन आठवड्यांपूर्वीची होती आणि तिचं रेटिंग ५ होतं. आम्ही एसी चोवीस तास चालू केला, सेन्सर बदलला, नवी पट्टी लावली. रेटिंग ५ आलं. मग ते मरून कापड पुन्हा लावलं आणि या वेळी ४ आलं. अर्ध्या ग्रेडचा फरक तरीही उरला. डोळ्यांनी रेटिंग देताना तेवढा फरक पडू शकतो. ते पार्टीला तसंच स्पष्ट सांगितलं आणि जुना रिपोर्ट लेखी मागे घेतला. जुलैमध्ये त्याच यंत्रावर लागलेली इतर सुती सँपलही मग एकेक करून पुन्हा लावली.

वापरलेली लाल पट्टी फेकू नका. काळ्या पाकिटात घालून, वर तारीख टाकून, लॉगबुकाच्या त्या पानाला टाचून ठेवा. आमच्या वहीत फेब्रुवारीची आणि जुलैची पट्टी अशी पाठोपाठच्या पानांवर आहे. नवा मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की पहिल्या दिवशी त्या दोन्ही पाकिटांतून काढून पेटीत शेजारी ठेवतो आणि त्या त्या पट्टीसोबतची ब्लू वूल दाखवून, फरक कुठे आहे ते त्यांचं त्यांना शोधायला सांगतो.